गाठ गेली, ठणका राहिला

मागच्या अंकात एका वाचक ताईंना मी दोन ओळींत उत्तर दिलं होतं, की ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर वर्षभराने दुखत असेल तर तो मनाचा खेळ नाही, त्या दुखण्याला नाव आहे आणि उपचारही आहेत. त्या दोन ओळी मला चांगल्याच महागात पडल्या. महिनाभर पत्रं येतायत, व्हॉट्सॲपवर फोटो येतायत, एका काकूंनी तर वहीची पाच पानं भरून पाठवली. म्हणून यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत (गुडघेवाले, रागावू नका, पुढच्या महिन्यात नक्की). एक आधीच सांगते, मी मूळची भूल देणारी डॉक्टर, आता पेन क्लिनिक चालवते, त्यामुळे कॅन्सरच्या औषधांचं काय करायचं ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारायचं. नावं मुद्दाम छापली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

मिरज: माझं वय ४४. चौदा महिन्यांपूर्वी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, पूर्ण काढलं, काखेतल्या गाठी पण काढल्या, मग केमो, मग लाईट (रेडिएशन). आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत. पण दंडाच्या आतल्या बाजूला आणि काखेत सारखी आग होते. गंमत म्हणजे तिथे बोट लावलं तर बधिर आहे, आणि ब्लाऊजची बाही नुसती घासली तरी करंट बसल्यासारखं होतं. त्या कुशीवर झोपता येत नाही. सर्जनना दाखवलं तर म्हणाले जखम मस्त भरलीय, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात जीव वाचला ना, मग आता काय. डॉक्टर, मी उगाच बाऊ करतेय का?

नाही हो ताई, अजिबात नाही. आणि तुम्ही ज्याला गंमत म्हणालात ना, बधिर पण आहे आणि आग पण होतेय, तिथेच अर्धं निदान झालं. जखमेचं दुखणं असं नसतं, हे नसेचं दुखणं आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून एक बारीक नस बाहेर येते, काखेतल्या चरबीतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या कातडीपर्यंत पोचते. तिचं नाव इंटरकोस्टोब्रेकियल, एकदा वाचा आणि सोडून द्या. ती हात हलवत नाही, फक्त स्पर्श कळवते, म्हणून तुमच्या हातातली ताकद शाबूत आहे आणि बघणाऱ्याला वाटतं हिला काय झालंय. आता काखेतल्या गाठी काढायच्या म्हणजे सर्जनला नेमक्या त्याच चरबीत काम करायचं असतं. आपल्याकडे पाण्याची लाईन टाकायला रस्ता खणला की टेलिफोनची केबल तुटते, तसंच. कधी नस कापावीच लागते, कधी नुसती ताणली जाते, कधी नंतर व्रणाच्या जाड पेशींत अडकते. आणि तुटलेली केबल गप्प बसली तर बरं, पण नस गप्प बसत नाही, ती टोकाकडून खोटे निरोप पाठवत राहते, आणि महिनोन्‌महिने ते निरोप ऐकून ऐकून मणक्यातली आणि मेंदूतली यंत्रणाही हळवी होऊन जाते, मग साधी बाही घासली तरी तिला ती चटका म्हणून कळते.

सर्जन खोटं बोलले नाहीत. ते कातडी बघत होते, कातडी खरंच छान भरलेली असणार. नस दिसत नाही आणि सोनोग्राफीत, मॅमोग्राफीतही तिचं दुखणं दिसत नाही.

तुम्ही एकट्या नाही हे सांगायला एक आकडा देते. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ साली ऑपरेशन झालेल्या बायकांना दोन-तीन वर्षांनी प्रश्न पाठवले, ३,२५३ जणींनी उत्तरं दिली, त्यातल्या ४७ टक्के म्हणाल्या दुखतंय. जवळजवळ निम्म्या! यातल्या निम्म्यांचं दुखणं सौम्य होतं, पण साधारण आठातल्या एकीचं तीव्र होतं. पुढे ५ ते ७ वर्षांनी त्याच देशात पुन्हा विचारलं तेव्हा आकडा ३७ टक्क्यांवर आला होता, म्हणजे काहींचं कमी होतं, पण आपोआप जाईल म्हणून सगळ्यांनी वाट बघत बसावं इतकंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झाली ती, ऑपरेशननंतर ३ महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. तुमचे तर चौदा महिने झाले.

आता करायचं काय. पुढच्या भेटीत "दुखतंय" एवढंच म्हणू नका, त्याने कुणालाच काही कळत नाही. आग होते का, चमक निघते का, मुंग्या येतात का, कुठून कुठपर्यंत, कपडा सहन होतो का, रात्री झोप मोडते का, हे कागदावर लिहून न्या. हवं तर घरी पेनाने दंडावरच रेघ मारा, इथून इथपर्यंत, आणि फोटो काढा. मी पेशंटना हेच करायला लावते, पाच मिनिटांत नस कुठली ते कळतं. औषधांचं खाली ठाण्याच्या पत्रात लिहिलंय ते वाचा. आणि एक घरचा उपाय आजपासून सुरू करा: त्या जागेवर आधी कापसाने हलकं फिरवायचं, दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं, ते सहन व्हायला लागलं की मऊ सुती कापड, मग टॉवेल. नसेला पुन्हा शिकवायचं असतं की बाई, हा स्पर्श आहे, चटका नाही. आठवड्याभरात कंटाळून सोडू नका.

सासूबाईंना हा अंक वाचायला द्या. मोठ्याने वाचून दाखवलात तर आणखी बरं.

नाशिक: आईचं (वय ५२) पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तिला आधीपासून खांदा आणि मान दुखते, मायग्रेन आहे, झोप अशीतशीच, आणि स्वभावाने खूप घाबरट आहे. तुमचं मागचं उत्तर वाचून मीच घाबरले. असं दुखणं मागे राहणार की नाही हे आधी कळतं का? आणि टाळता येतं का? टाटामध्ये ऑपरेशनच्या आधी देतात ते इंजेक्शन यासाठीच आहे का?

मुली, तू ऑपरेशनच्या आधी विचारतेयस याचंच मला कौतुक वाटतंय, कारण माझ्याकडे सगळे दोन वर्षांनी येतात. घाबरू मात्र नकोस. ज्या गोष्टींनी शक्यता वाढते त्या सांगते, पण शक्यता म्हणजे भविष्य नव्हे, हे धरून वाच.

सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे काख. २०१६ मध्ये कॅनडातल्या लोकांनी ३० अभ्यास एकत्र करून, म्हणजे १९,८१३ पेशंट, हिशोब मांडला, तर काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या की दुखणं राहण्याची शक्यता २१ टक्क्यांनी वाढते असं निघालं, शंभर बायकांमागे आणखी २१. दुसरं कुठलंच कारण याच्या जवळपास पण नव्हतं. आणि आता एक गोष्ट जी ऐकून पेशंट माझ्याशी वाद घालतात: स्तन पूर्ण काढला की फक्त गाठ काढली याने या दुखण्यात मोठा फरक पडत नाही. "डॉक्टर, माझं तर छोटं ऑपरेशन झालं तरी का दुखतं" असं विचारतात ना, त्याचं उत्तर हे आहे, की स्तन वाचवला तरी काख उघडली आणि वर रेडिएशन दिलं तर नसेच्या दृष्टीने ऑपरेशन छोटं नसतंच.

म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हा विचार: आईच्या काखेतल्या सगळ्या गाठी काढायला लागणार आहेत का, की आधी एक-दोन तपासून ठरवता येईल? याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात, निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली गाठ कुठली ते शोधतात, तिच्यात कॅन्सर नसेल तर बाकीची काख शाबूत. सगळीकडे ती सोय नसते, म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी काखेच्या खालच्या भागातल्या गाठी तेवढ्या काढून तपासायची पद्धत वापरून दाखवली, लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग, तिला महागडी सामग्री लागत नाही. पण हे लक्षात ठेव की काखेत आजार पसरलेला असेल तर गाठी काढाव्याच लागतात, तिथे दुखण्याच्या भीतीने हट्ट करायचा नाही. आपल्याकडे बायका उशिरा दाखवतात, गाठ लिंबाएवढी होईपर्यंत पदराआड ठेवतात, आणि मग काख वाचवण्याची संधीच हातून जाते. हा राग कुणावर काढायचा मला कळत नाही, असो.

दुसरं वय. इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. वाटतं म्हातारीला जास्त दुखेल, पण उलटं आहे, तरुण बायकांना जास्त दुखतं, चाळिशीच्या आतल्यांना सगळ्यात जास्त. तरुण वयातला आजार जरा जास्त आक्रमक असतो, उपचार भारी असतात, नसाही तेज असतात, भीतीही मोठी असते, सगळंच त्यात येतं. तुझी आई मधे आहे. रेडिएशनने शक्यता थोडी वाढते, कारण आतल्या पेशी घट्ट होतात आणि नस त्यात आवळली जाते. पण म्हणून रेडिएशन नको म्हणायचं नाही, ते कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे.

तिसरं, आधीचं दुखणं. खांदा, मान, मायग्रेन हे सगळं त्यात मोजलं जातं, ज्या शरीराला आधीच दुखण्याची सवय लागलीय ते नवीन दुखणं पटकन उचलतं. झोप मोडलेली असणं, सतत काळजी, "आता हे कधीच जाणार नाही" असं मनात घोळत राहणं, यांचाही संबंध वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलाय. इथे मला एक भांडण करायचंय. हे वाचून घरातले लगेच म्हणतात, बघ, तुझ्या मनातच आहे सगळं. तसं नाहीये! भीती आणि जागरण मेंदूचा आवाज वाढवायचं बटण पिळतात, निरोप मात्र खऱ्या नसेतूनच येत असतो. तर ऑपरेशनला महिना आहे, या महिन्यात आईची झोप सुधारायची, खांदा आत्ताच फिजिओला दाखवायचा, आणि ऑपरेशन म्हणजे नक्की काय होणार हे तिला कुणीतरी नीट बसून सांगायचं. घाबरट माणसाला माहिती लपवून धीर येत नाही, माझा तरी असाच अनुभव आहे.

चौथं, आणि हे तुझ्या हातात आहे. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस ज्यांना जास्त दुखतं त्यांचं दुखणं पुढे टिकण्याची शक्यता वाढते. आपल्या बायका काय करतात? सिस्टर विचारते शून्य ते दहात किती दुखतंय, आणि बाई म्हणते "चालतंय". आठ असतं, सांगते चार. इंजेक्शन नको, सवय लागेल. बाळंतपणं काढली, हे काय मोठं. ती सोसण्याची सवय इथे उपयोगाची नाही. आईला आत्तापासून सांगून ठेव, खोकताना आणि हात हलवताना किती दुखतं तो आकडा सांगायचा, नुसतं पडून असतानाचा नाही. आणि तू तिथे असशील तर तिचा चेहरा बघून तूच सांग.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेट, म्हणजे माझ्याच जातभाईंना. विचार, नस बधिर करायचा ब्लॉक देणार का? पाठीत मणक्याच्या शेजारी देतात तो पॅराव्हर्टिब्रल, छातीच्या स्नायूंच्या थरांत देतात तो पेक्स, अजूनही प्रकार आहेत, सोनोग्राफी मशीनवर बघून देतात. पहिल्या एक-दोन दिवसांच्या दुखण्यासाठी हे फार छान काम करतात, उलट्या कमी होतात, बाई संध्याकाळी उठून बसते. वर्षानंतरचं दुखणं त्याने टळतं का यावर मात्र छातीवर हात ठेवून हो म्हणणार नाही. छोट्या अभ्यासांची बेरीज केली तर फायदा दिसतो, पण २०१९ मध्ये दोन हजारांवर बायकांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्हीकडे वर्षानंतर टाक्यांच्या जागी दुखणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, २८ आणि २७ टक्के. तरी मी माझ्या बहिणीला ब्लॉक देईन का? देईन. पहिले दोन दिवस सुखाचे गेले तरी ते थोडं नाही.

आता टाटाचं इंजेक्शन. तुझा गोंधळ झालाय आणि तो बऱ्याच जणांचा होतो, कारण औषध बधिर करायचंच आहे, लिग्नोकेन, दात काढताना देतात ते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर केलेला तो अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती इंजेक्शन द्यायचं. हेतू दुखणं थांबवणं हा नव्हताच, ऑपरेशनच्या वेळी कॅन्सरच्या पेशी पसरू नयेत हा होता, आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. स्वस्तातलं औषध आणि एवढा फरक, मला त्याचा खरंच अभिमान आहे. सर्जनला त्याबद्दलही विचार, पण वर्षानंतरच्या ठणक्यासाठी म्हणून नाही.

रत्नागिरी: वय ६१. सांगायला लाज वाटते, हसू नका. जी बाजू काढली तिथलं टोक खाजतं. हात नेला की तिथे काही नाही. कधीकधी पूर्वीसारखी भरल्यासारखी ठसठस होते. मुलीला सांगितलं तर ती घाबरून रडायलाच लागली. मला वेड लागतंय का?

काकू, हसले नाही, उलट तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाय कापलेल्या माणसाला गेलेल्या पायाची बोटं दुखतात हे तुम्ही ऐकलं असेल, तसंच स्तनाचंही होतं. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो आणि सर्जन नकाशा कापत नाही. तो भाग अजून तिथे आहे असं मेंदूला वाटतं, आणि त्या भागातून येणाऱ्या नसांची टोकं अधूनमधून त्याला दुजोरा देतात. खाज, जडपणा, बोंड आवळल्यासारखं वाटणं, हे सगळं बायका सांगतात, म्हणजे विश्वासाने विचारलं तर सांगतात. नुसतं जाणवत असेल आणि त्रास नसेल तर काही करायचं नाही. खाज आली की टाक्यांच्या आजूबाजूच्या कातडीवर तळवा ठेवून हलकं चोळा, वर नारळाचं तेल लावा, बऱ्याच जणींना तेवढ्याने उतार पडतो. ठसठस झोप मोडायला लागली तर मात्र औषध आहे, तेच जे पुढे लिहितेय. मुलीला सांगा, आईचं डोकं ठिकाणावर आहे.

लातूर: बायकोचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसते, हात खांद्याच्या वर जात नाही, दुखतं म्हणून ती हलवतच नाही. शेजारच्या मावशी चांगलं मालीश करतात, त्या म्हणतात शीर चढलीय, जोर लावून मोडते. करू द्यावं का?

दादा, मोडू देऊ नका. मावशींना चहा पाजा आणि परत पाठवा.

ती शीर नाही, काखेतल्या गाठी काढल्यावर तिथल्या बारीक रसवाहिन्या घट्ट होऊन दोरीसारख्या होतात, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत हे बऱ्याचदा दिसतं आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत विरघळून जातं. पण हात न हलवणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग खांदा आखडतो आणि दोरी गेली तरी खांद्याचं दुखणं मागे राहतं. कितीतरी बायका "ऑपरेशनचं दुखणं" म्हणून येतात आणि निघतो गोठलेला खांदा. सर्जनला एकदा दाखवून, ड्रेनची नळी निघालीय, टाके ठीक आहेत, पाणी साचलेलं नाही हे बघून फिजिओथेरपिस्टकडे न्या, या आठवड्यात, पुढच्या महिन्यात नाही. घरी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे ताण बसेल तिथे दहा आकडे मोजायचे, खाली यायचं, रोज भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. एका पेशंटच्या नवऱ्याने दाराच्या चौकटीवर खुणा केल्या होत्या, मुलाची उंची मोजायच्या खुणांच्या शेजारीच. व्यायामाच्या आधी अर्धा तास दुखण्याची गोळी दिली तरी चालते, तिच्या डॉक्टरांना विचारून. आणि हात सुजायला लागला, अंगठी, बांगडी घट्ट व्हायला लागली तर लगेच कळवा, ते प्रकरण वेगळं आहे.

ठाणे: वय ३६, टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. नसेच्या दुखण्यासाठी लिहून दिलेल्या गोळीचं नाव गूगल केलं तर डिप्रेशनची निघाली! दुसरी फिट्सची!! मला ना डिप्रेशन आहे ना फिट्स. घेतल्या नाहीत. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅमने काहीच होत नाही.

गूगलने अर्धंच सांगितलं. क्रोसिन आणि ब्रुफेन जातीच्या गोळ्या जखमेच्या दुखण्यावर चालतात, नसेच्या आगीवर त्यांचा फारसा इलाज नाही, आणि तेच तुम्ही अनुभवताय. नस बडबडते ती शांत करायला जी औषधं लागतात ती योगायोगाने आधी दुसऱ्या आजारांसाठी निघाली. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही फिट्सवाली, ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही डिप्रेशनवाली. ॲमिट्रिप्टिलिन नसेच्या दुखण्याला १० मिलिग्रॅमपासून रात्री सुरू करतात, डिप्रेशनला त्याच्या कितीतरी पट लागते. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं, सकाळी जडजड वाटतं. प्रीगॅबालिनने गरगरतं, पाय थोडे सुजू शकतात, वजन वाढू शकतं, आणि ती एकदम बंद करायची नसते, हळूहळू उतरवायची. दोन-चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, योग्य डोसला पोचून दोन-चार आठवडे द्या. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, आठवरून तीन-चारवर आलं, झोप लागायला लागली, तर आम्ही त्याला यश म्हणतो.

पण तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट, आणि ती कुणी विचारली नसेल तर तुम्ही स्वतः सांगा: टॅमॉक्सिफेन चालू आहे. टॅमॉक्सिफेनला काम करायला यकृतातलं एक एन्झाइम लागतं, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या तेच एन्झाइम अडवून ठेवतात. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन तर टाळायच्याच. ड्युलॉक्सेटिनही काही प्रमाणात अडवते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. ॲपवरून परस्पर मागवून घेऊ नका.

गोळ्या नकोच असतील तर लिग्नोकेनची पट्टी मिळते, दुखऱ्या जागेवर चिकटवायची, किंमत जरा टोचते. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं कॅप्सेसिनचं मलम आहे, आधी चांगलीच आग करतं आणि मग नस दमून शांत होते, लावल्यावर डोळ्याला हात लावू नका, मी हे दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी लावतंच. टाक्यांच्या कडेला एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ उठत असेल तर तिथे इंजेक्शन देऊन पुष्कळदा आराम पडतो, ते आमच्यासारख्या पेन क्लिनिकमध्ये होतं.

मडगाव: वय २७. साधी, कॅन्सरची नसलेली गाठ काढून आठ महिने झाले. अजून टोचतं. कॅन्सर नव्हता म्हणून कुणी ऐकूनच घेत नाही.

नसेला रिपोर्ट वाचता येत नाही. कॅन्सरसाठी कापली काय आणि साध्या गाठीसाठी कापली काय, तिला सारखंच. स्तन लहान-मोठा करायच्या कॉस्मेटिक ऑपरेशननंतरही काही जणींचं दुखणं टिकतं. वरचे उपाय तुलाही लागू, फक्त एकदा तपासून घे की आत पाणी साचलेलं नाही आणि नवी गाठ नाही.

डोंबिवली: ऑपरेशनला सहा वर्षं झाली. इतकी वर्षं टाक्यांच्या जागी थोडं टोचायचं, सवय झाली होती. आता दोन महिन्यांपासून पाठीत मधोमध दुखतंय, रात्री जास्त. शिवाय सकाळी बोटं आखडतात. लेट्रोझोल (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. हे तेच जुनं दुखणं ना?

ताई, तुमचे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात गुंडाळू नका.

दोन्ही हातांची बोटं, गुडघे सकाळी आखडतात आणि थोड्या हालचालीने सुटतात, हे लेट्रोझोलने होतं, फार जणींना होतं, मनाने गोळी बंद करू नका, रोज चालण्याने कमी होतं आणि नाही झालं तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात.

पाठीचं मात्र मी "जुनंच असेल" असं म्हणणार नाही. जुनं नसेचं दुखणं आपल्या जागेवर असतं, दंड, काख, छाती, टाके, आणि तुम्हाला त्याची ओळख असते. नवीन जागा, वाढत जाणारं, आडवं पडल्यावर जास्त, रात्री उठवणारं, असं हाडातलं दुखणं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. टाक्यांवर नवी गाठ, कातडी लाल, हात एकदम सुजला, बोटांतली ताकद कमी झाली, दम लागायला लागला, यालाही तेच. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, मणक्याची झीज वगैरे, पण ते तपासून कळलेलं बरं. पाय जड वाटायला लागले किंवा लघवीवर ताबा राहीना तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जायचं.

अमरावती: तुम्ही औषधं सांगता, मला रोजचं सांगा. गाडीत सीटबेल्ट नेमका टाक्यांवर येतो, ब्रा घातली की तासाभरात काढून फेकावीशी वाटते, एसटीत दांडा धरता येत नाही.

हा प्रश्न मला कुठल्याच डॉक्टरने विचारला नसता. सीटबेल्टला मध्ये लहान मऊ उशी लावा, बाळाच्या उशीएवढी, ऑनलाइन मिळते किंवा घरी जुन्या सुती साडीची शिवा, पट्टा मात्र काढायचा नाही. ब्रा तार नसलेली, पट्टा रुंद, पुढून हूक असलेली, आणि शिवण आतून लागत असेल तर उलटी घालून बघा, वरून कुणाला दिसतंय. आत सिलिकॉनचं जड भरत असाल तर घरात हलकं कापसाचं वापरा, जड बाहेर जाताना. ब्लाऊज शिवताना त्या बाजूची काख अर्धा इंच सैल ठेवायला सांगा, शिंप्याला कारण सांगायची गरज नाही. एसटीत त्या बाजूची खिडकी पकडा म्हणजे गर्दीचा धक्का त्या हाताला लागत नाही, आणि कंडक्टरला सरळ सांगा ऑपरेशन झालंय, बसायला द्या. डावी असेल तर ड्रायव्हरच्या मागची रांग नको, दाराच्या बाजूची घ्या.